देशोदेशींच्या उद्योगी बायकांची देवघेव



परदेशवारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विमान येते, सूटबूट येतो, विमानतळावरचे हारतुरे येतात. आज मी ज्या परदेशवारीविषयी बोलणार आहे, तिच्यात विमान सोडले तर यांतले काही नाही. ती वारी आहे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतल्या खेड्यांमधल्या बायकांची. या बायका तुर्कस्तानात जाऊन आल्या, आणि तुर्कस्तानातल्या बायका आपल्या देशात येऊन गेल्या. हिंडण्यासाठी नव्हे, मोडलेले घर आणि मोडलेला धंदा दुसरीने कसा उभा केला, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी. कागदोपत्री याला 'अनुभवांचे आदानप्रदान' म्हणतात. शब्द जरा जड आहे. आपण आपले 'देवघेव' म्हणू. शेजारणीकडून विरजण आणावे आणि तिला चार लिंबे द्यावीत, तसलाच हा प्रकार. फक्त मधे समुद्र आहे.

हा विषय आजच का काढला, तेही सांगतो. मी छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर भागात राहतो. नोकरदार, कामगार, लहान दुकानदार अशी आमची वस्ती. एका घरात शिवणयंत्र चालते, दुसऱ्या घरातून डबे जातात, तिसऱ्या घरात उन्हाळाभर पापड-कुरडया वाळत असतात. २०२३ सालच्या फेब्रुवारीत, २७ आणि २८ तारखेला, आमच्या शहरात 'डब्ल्यू-२०' या गटाची बैठक भरली. जगातल्या वीस मोठ्या अर्थसत्तांचा जो समूह आहे, त्याला स्त्रियांच्या प्रश्नांवर सल्ला देणारा हा गट. भारताकडे त्या वर्षी समूहाचे अध्यक्षपद होते, आणि या गटाची पहिली बैठक भरवण्याचा मान आमच्या शहराला मिळाला. देशोदेशींच्या स्त्रिया आल्या. लहान उद्योग चालवणाऱ्या बायकांना बळ कसे द्यावे, हा त्यांच्या चर्चेतला एक मुख्य विषय होता. शहरातल्या भिंती रंगल्या, दुभाजकांत झाडे लागली. तेव्हा आमच्या गल्लीत मसाले कांडून विकणाऱ्या एका बाईंनी मला विचारले, "सर, त्या बाया आमच्याकडं येतील का? आमचं काम बघतील का?"

प्रश्न अगदी रास्त होता. परिषदेला परिषदेची जागा आहे. तिथे ठराव होतात, ठरावांतून पुढे धोरणे निघतात, आणि धोरणांवाचून बँकेचे दार उघडत नाही हे खरे आहे. परंतु मसाला कांडणाऱ्या बाईला दुसऱ्या देशातली मसाला कांडणारी बाई भेटली, तर तिथे जे घडते ते परिषदेच्या सभागृहात घडत नाही. ते काय घडते, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला किल्लारीकडे नेतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून निजले होते. चारच्या सुमारास जमीन हलली आणि दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. जी गावे पार जमीनदोस्त झाली, त्यांचे पुनर्वसन सरकारने नव्या जागी केले. पण त्यांच्या भोवतालच्या शेकडो गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती. ती घरमालकाने स्वतः दुरुस्त करायची, सरकारने पैसा व सामान द्यायचे, अशी योजना आली.

आता योजना आली म्हणजे ती घरात पोचतेच असे नाही. शिक्षकांना हे मी वेगळे सांगायला नको. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' नावाची संस्था तेव्हा सरकारच्या मदतीला होती. प्रेमा गोपालन या तिच्या प्रमुख. २०२२ साली त्या वारल्या. त्यांनी एक साधी गोष्ट सुचवली. गावातल्या महिला मंडळाच्या बायकांनाच 'संवाद सहायक' नेमा. घरात दिवसभर वावरते ती बाई. भिंत कुठे ओलसर आहे, तुळई कुठे वाकली आहे, हे तिला ठाऊक. तशा बायका नेमल्या गेल्या. भिंतीत आरपार जाणारा दगड कशासाठी, दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा पट्टा कशासाठी, माळवदावरची माती उतरवून बोजा हलका का करायचा, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ज्यांनी गवंड्यापुढे कधी तोंड उघडले नव्हते, त्या गवंड्याला माप विचारू लागल्या. पुढे याच बायकांचे बचतगट झाले. गटातून कर्ज मिळाले. कर्जातून शेळी आली, पिठाची गिरणी आली, किराण्याचे दुकान आले.

मग १७ ऑगस्ट १९९९ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला. वेळ पुन्हा पहाटेचीच, तीन वाजून गेलेले. सतरा हजारांवर माणसे गेली. तिथे 'केदव' नावाची स्त्रियांची संस्था आहे. १९८६ पासून ती इस्तंबूल शहरात गरीब कष्टकरी बायकांसाठी काम करते. तिने भूकंपग्रस्तांच्या तंबूंच्या वसाहतीत बायका आणि मुले यांच्यासाठी केंद्रे उघडली. मुले एका बाजूला खेळताहेत, शिकताहेत, आणि त्यांच्या आया दुसऱ्या बाजूला बसून पुढचा विचार करताहेत, अशी ती केंद्रे. या बायकांना भेटायला लातूरकडच्या बायका गेल्या.

एक क्षण कल्पना करा. लुगड्यातली बाई आणि डोक्याला रुमाल बांधलेली बाई समोरासमोर बसल्या आहेत. एकीची मराठी, एकीची तुर्की. मधे दुभाषी. पण दोघींनाही घर अंगावर येणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. कुठल्याही तज्ज्ञाला जे सांगता येत नाही ते मराठवाड्याच्या बाईला सांगता येत होते: "आमचंही असंच झालं होतं. सहा वर्षं झाली. आता आम्ही उभ्या आहोत." हे वाक्य कुणा अधिकाऱ्याने उच्चारले तर ते आश्वासन ठरते. तिने उच्चारले की तो पुरावा होतो.

आपल्या बायकांपाशी द्यायला काय होते? घरदुरुस्तीवर नजर ठेवण्याची रीत होती, थेंबे थेंबे साठवलेल्या बचतीचा हिशेब होता, सरकारी अधिकाऱ्यापुढे बसून प्रश्न विचारण्याची सवय होती. आणि घ्यायला काय होते? मुलांची केंद्रे. बाईने धंदा करायचा तर तेवढा वेळ मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न आपण अजूनही नीट विचारात घेत नाही. सासू आहे, मोठी मुलगी आहे, असे म्हणून सोडून देतो. आणि मग मोठ्या मुलीची शाळा सुटते. तिथल्या बायकांनी पहिले काम काय केले, तर मुलांची सोय. दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सहकारी संस्था. तिथल्या बायकांनी भूकंपानंतर आपल्या सहकारी संस्था उभारल्या. सहकार हा तर आपण महाराष्ट्राचा मानबिंदू समजतो. पण आपल्या साखर कारखान्याच्या संचालकांत बाया किती असतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

या भेटीगाठी तुर्कस्तानापाशी थांबल्या नाहीत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या बायका तिकडे धावल्या. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा धुऊन नेला. तिथेही त्या गेल्या. ज्या शिकवून घेत होत्या त्याच आता शिकवू लागल्या. पुढे मराठवाड्यात दुष्काळ आला, तेव्हा याच संस्थेतल्या शेतकरी बायकांनी घरच्यांकडून एक एकर तरी आपल्या मर्जीने पिकवायला मागून घेतला. त्यात एकच नगदी पीक न घेता धान्य, डाळी, भाजीपाला असे मिश्र पीक घेतले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे 'इक्वेटर' पारितोषिक या कामाला मिळाले. पारितोषिकापेक्षा मला तो 'मागून घेतलेला' एक एकर मोठा वाटतो. कारण मागावा लागला, आणि मागितला!

आता तुम्ही म्हणाल, ही संकटकाळातली गोष्ट झाली. रोजच्या धंद्यात परक्या देशाच्या भेटीचा काय उपयोग? त्यासाठी थोडे दूर, आफ्रिकेत जाऊ. आजच्या घाना देशात एस्थर ओक्लू नावाची एक मुलगी होती. शाळा संपली, हाताला काम नाही. मावशीने दहा शिलिंग दिले. तिने त्यातून संत्री, साखर आणि काचेच्या बरण्या आणल्या, संत्र्यांचा मुरंबा केला आणि रस्त्यावर उभी राहून विकला. ओळखीच्यांनी नाके मुरडली: शिकलेली पोर, आणि रस्त्यावर बरण्या विकते! पण तिच्या जुन्या शाळेने तिच्याकडूनच मुरंबा घ्यायचा करार केला. पुढे लष्कराकडूनही मागणी आली. १९४२ साली तिने कारखाना काढला. आणि नंतर त्याच शाळेने तिला इंग्लंडला पाठवले. १९४९ ते १९५१ ती तिकडे पाककला आणि फळे टिकवण्याचे शास्त्र शिकली. परत येऊन तिने आपले ज्ञान कुलूपबंद ठेवले नाही. इतर बायकांना ती शिकवत राहिली.

गुरुजी मंडळींनी यातला शाळेचा भाग जरा लक्षात ठेवावा. माजी विद्यार्थिनीचा माल विकत घेणारी शाळा, आणि तिला शिकायला परदेशी धाडणारी शाळा. आपण माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरवतो आणि त्यांच्याकडून देणग्या घेतो. ही शाळा उलटी चालली.

१९७५ साली मेक्सिकोत स्त्रियांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे या एस्थरबाई आल्या होत्या, आणि अहमदाबादहून इलाबेन भट्ट आल्या होत्या. इलाबेन यांनी वर्षभर आधीच भाजीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बायकांची बँक काढली होती. चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून. बायकांना तारणावाचून कर्ज मिळत नाही आणि तारण द्यायला त्यांच्या नावावर काही नसते, हे दुखणे घानातले आणि गुजरातेतले एकच निघाले. अमेरिकेच्या मिकेला वॉल्श यांना हे पटले. या भेटीतून पुढे १९७९ साली 'विमेन्स वर्ल्ड बँकिंग' ही संस्था उभी राहिली. मागे मी परिषदेविषयी थोडे तिरकस बोललो. पण परिषदेत भाजीवालीचे दुखणे जाणणारी बाई बसली असेल तर परिषदही फळते, ते असे.

आपल्या महाराष्ट्रात ही रीत नवी नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था, त्यांचे उद्योग बारकाईने पाहून आल्या, आणि ते सारे १८८९ साली मराठीत लिहून काढले. बोस्टनच्या लोकांनी त्यांच्या शारदा सदनासाठी दहा वर्षे मदत कबूल केली. म्हणजे भेटीतून ज्ञान आले आणि भांडवलही आले.

अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे घ्या. म्हसवड हे दुष्काळी गाव. एका लोहारकाम करणाऱ्या बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, म्हणून पैसे साठवायचे होते. बँक तिचे खाते उघडीना. रक्कम फार लहान! चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचे ठरवले. अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका निराश होऊन बसल्या नाहीत. लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि म्हणाल्या: आम्हाला मुद्दल सांगा, दर सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या साहेबांनाही यंत्रावाचून काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे चेतनाताई अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जाऊन राहिल्या. २०१८ साली दावोसच्या जागतिक अर्थपरिषदेला सात सहअध्यक्ष होते आणि सातही स्त्रिया होत्या. त्यांत त्या एक. पण मला विशेष वाटते ते दुसरेच. बसमध्ये भरवलेली धंदेशिक्षणाची शाळा गावोगाव फिरवायची, बाईने शाळेत यायचे नाही तर शाळेने बाईच्या दारी जायचे, ही माणदेशीची रीत जगातल्या कुठल्याही दुष्काळी मुलखाने येऊन पाहावी अशी आहे. देवघेवीत आपली बाजू नेहमी 'घेव'चीच असते, हा समज आता टाकून द्यायला हवा.

भाषेची अडचण काढणारे पुष्कळ भेटतात. "आमच्या बायांना इंग्रजी येत नाही हो!" त्यांनी राजस्थानातल्या तिलोनियाची हकीकत ऐकावी. तिथल्या संस्थेत आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांमधून बायका येत. बहुतेक वयस्क, कित्येक आज्या, पुष्कळशा निरक्षर. सौर दिवे जोडणे आणि दुरुस्त करणे शिकायला सहा महिने राहत. परराष्ट्र खात्याच्या एका योजनेतून त्यांचा खर्च होई. ना हिंदी येत, ना एकमेकींची भाषा. तारांचे रंग, हातांच्या खुणा आणि पुन्हा पुन्हा करून पाहणे, एवढ्यावर शिक्षण होई. परत जाऊन त्या आपल्या गावात दिवे लावत. आजीच का निवडायची? कारण तरुण माणूस शिकून प्रमाणपत्र हातात पडले की शहराची वाट धरतो. आजी गावातच राहते.

आता कटू बोलतो. सगळ्या भेटी फळतात असे नाही. माझ्या पाहण्यात असे पाहुणे आले आहेत की गाडीतून उतरले, औक्षण झाले, शाल-श्रीफळ झाले, पुढाऱ्यांची भाषणे झाली, गटाच्या बायकांनी सकाळपासून रांधलेले जेवण झाले, फोटो झाले आणि गाडी निघून गेली. शालीची घडीही मोडली नाही. पापड किती लाटतेस, किती फुटतात, उधारी किती थकली, हे कुणी विचारले नाही. आणि इकडून जाणाऱ्यांचेही तेच. जी बाई धंदा करते ती घरी राहते आणि जिचा नवरा सभेत पुढे बसतो ती विमानात बसते. तीही बिचारी काय पाहणार? जिच्या हाताला कढईचा चटका ठाऊक आहे तिलाच दुसरीच्या कढईचा फरक कळतो.

कामाची बाई निवडली तरी तिचे निघणे सोपे नसते. घरून विचारतात, भाकरी कोण करील? गुरे कोण बघील? ही विचारणा हसण्यावारी नेऊ नका. तिचे उत्तर गटाने द्यायचे असते. चौघींनी मिळून तिच्या घरचे आठ दिवस वाटून घेतले तर ती जाऊ शकते. दुसरी अडचण कागदांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे, बँकेच्या पुस्तकात तिसरेच, आणि जन्मतारीख प्रत्येकीकडे एक जून. पासपोर्टाच्या खिडकीवर ही गाठ सुटता सुटत नाही. शिक्षकहो, तुमच्या हाती दाखल्यांचे जुने रजिस्टर असते. गावातल्या बायकांची नावे आणि तारखा एकसारख्या करून घ्यायला एखादी सुट्टी दिलीत, तर परदेश राहो बाजूला, बँकेचे कर्ज आणि वारसाची नोंद तरी अडणार नाही.

आणि सुरुवात परदेशापासूनच कशाला? पैठणच्या मागावर बसणाऱ्या बाईने येवल्याचा माग पाहिला आहे का? हळदीची पूड करणाऱ्या हिंगोलीकडच्या गटाने सांगलीची पेठ पाहिली आहे का? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे भाडे आहे. पाचजणींनी मिळून जाऊन यावे. बरोबर आपल्या मालाचा नमुना न्यावा आणि हिशेबाची वही न्यावी. वही न्यायला लाज वाटत असेल तर ती आधी नीट लिहावी. तिथे गेल्यावर यंत्राची किंमत विचारावी, ते बंद पडले तर दुरुस्तीला कोण येते तेही विचारावे. पिशवीवरचा वजनाचा आकडा आणि परवान्याचा क्रमांक त्यांनी कसा मिळवला ते लिहून घ्यावे. सुरुवातीला माल कुणी नाकारला आणि का, हे विचारायला विसरू नये. यशाची गोष्ट सगळेच सांगतात. परत आल्यावर आठ दिवसांच्या आत गटापुढे बसून सगळे सांगावे, आणि एक तरी गोष्ट त्या महिन्यात करून पाहावी. आणि निघण्यापूर्वी, त्यांचा निरोप घेताना, त्या आपल्या गावी कधी येतील ती तारीख ठरवून घ्यावी.